डोकं दुखण्याआधीची दहा मिनिटं

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत क्रिप्टोकॉकल मेंदूज्वराचं वेळेवर निदान आणि उपचार

मंत्रिमहोदय,



मे २०२१ मध्ये अँफोटेरिसिन हे नाव महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचलं होतं. ज्यांना ते उच्चारता येत नव्हतं ते चिठ्ठीवर लिहून आणून मेडिकलवाल्यापुढे धरत. कोरोनातून उठलेल्या मधुमेही माणसांच्या नाकात, टाळूत, डोळ्यांत काळी बुरशी शिरत होती आणि औषधाच्या कुप्या मिळत नव्हत्या. आमच्या वऱ्हाडाने त्या वर्षी दुसऱ्या लाटेचा फटका राज्यात सगळ्यांच्या आधी खाल्ला होता. अमरावतीत फेब्रुवारीतच पुन्हा टाळेबंदी लागली होती. मेच्या अखेरीस शेजारच्या वर्ध्यात, जेनेटिक लाइफ सायन्सेसच्या कारखान्यात, अँफोटेरिसिनचं इमल्शन तयार होऊ लागलं. सात हजारांच्या घरातल्या इंजेक्शनऐवजी हे बाराशे रुपयांत देऊ, असं जाहीर झालं. मनावर घेतलं की सरकार, कारखाना आणि दवाखाना किती लवकर एका रेषेत येतात, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

हे पत्र त्याच औषधाबद्दल आहे, फक्त बुरशी दुसरी आहे. ही बुरशी चेहरा विद्रूप करत नाही, त्यामुळे तिची छायाचित्रं छापून येत नाहीत. तिची साथ येत नाही, त्यामुळे टीव्हीवर आकडे झळकत नाहीत. ती एकेका माणसाला, बहुधा गरीब आणि बहुधा आपला आजार लपवून जगणाऱ्या माणसाला, मेंदूत शिरून मारते. तिचं नाव क्रिप्टोकॉकस.

मी वऱ्हाडातला निवृत्त फिजिशियन. आयुष्य ताप, टीबी, मलेरिया, साप चावलेली आणि विषारी औषध प्यालेली माणसं पाहण्यात गेलं. तुम्हाला लिहिण्याचं कारण एवढंच, की या आजारात विज्ञानाने आपलं काम बऱ्यापैकी केलं आहे. उरलेलं काम कागदावरच्या आदेशाचं, फडताळातल्या औषधाचं आणि कुणाची जबाबदारी कुणाकडे याचं आहे, आणि ते तुमच्या हातात आहे.

आधी आजार थोडक्यात सांगतो. १८९४ मध्ये जर्मनीत बुस्से आणि बुश्के यांना ही बुरशी रुग्णाच्या शरीरात सापडली आणि त्याच वर्षी इटलीत सानफेलिचे यांना फळाच्या रसात. ती कबुतरांच्या विष्ठेत, मातीत, झाडांच्या ढोलीतल्या कुजक्या लाकडात राहते. तिची एक बहीण-प्रजाती निलगिरीच्या झाडावर सापडते. भारतातल्या संशोधकांनी निलगिरीशिवाय आपल्या ओळखीच्या इतर झाडांवरूनही ती वेगळी काढली आहे. म्हणजे तुम्ही, मी, मंत्रालयासमोर कबुतरांना दाणे टाकणारा माणूस, सगळेच ती श्वासातून आत घेत असतो. धडधाकट शरीर तिला फुफ्फुसातच कोंडून ठेवतं. प्रतिकारशक्ती ढासळली की ती सुटते, रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत जाते आणि तिथल्या पाण्यात वाढू लागते. एका माणसाकडून दुसऱ्याला ती होत नाही. तेव्हा झाडं तोडायचं कारण नाही आणि रुग्णाचं ताट वेगळं करायचं तर मुळीच नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्याने कबुतरखाना किंवा विष्ठेने भरलेला माळा स्वतः झाडू नये, इतकी खबरदारी पुरे.

प्रतिकारशक्ती कुणाची ढासळते? सर्वांत जास्त उपचाराविना राहिलेल्या किंवा उपचार मधेच सुटलेल्या एचआयव्ही रुग्णाची. रक्तातल्या सीडी-फोर पेशी २०० च्या खाली गेल्या की धोका सुरू होतो, १०० च्या खाली तो फार वाढतो. पण यादी तिथे संपत नाही. अमरावतीच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात आता किडनी प्रत्यारोपण होतं, ही अभिमानाची गोष्ट. प्रत्यारोपण झालेल्याला जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. कर्करोगावर केमो घेणारे, यकृत निकामी झालेले, ल्युपससारख्या आजारात स्टेरॉइडवर असलेले, हे सगळे त्यात आले. आणि आठवडी बाजारात गुडघेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या महिनोन्‌महिने खाणारी म्हातारी माणसंही. त्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइडच असतं, हे आमच्या भागातल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे.

जगाचा हिशेब असा : २०२० साठी केलेल्या अंदाजानुसार एचआयव्ही असलेल्यांत या मेंदूज्वराचे वर्षाला सुमारे १ लाख ५२ हजार रुग्ण आणि सुमारे १ लाख १२ हजार मृत्यू. एड्समुळे होणाऱ्या दर पाच मृत्यूंतला जवळपास एक. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिलीच यादी काढली, तिच्या सर्वांत गंभीर गटात चार नावं आहेत. त्यांतलं एक हे.

आता आमच्याकडे अशा रुग्णाचा प्रवास साधारण कसा होतो, ते पाहा. दर्यापूरकडचा किंवा मूर्तिजापूरकडचा चाळिशीतला माणूस. "डोकं लय दुखून रायलं जी," एवढीच तक्रार. ताप असला तर बारीक. मान आखडलेली नसते, त्यामुळे मेंदूज्वर कुणाच्या मनातही येत नाही. पहिला डॉक्टर पित्त म्हणतो. दुसरा रक्त तपासतो, विडालमध्ये टायफाइड निघतो, पाच दिवस सलाइन लागतं. उलट्या थांबत नाहीत, तेव्हा मायग्रेनच्या गोळ्या. मग एकाचे दोन दिसायला लागतात म्हणून डोळ्यांचा डॉक्टर, चष्म्याचा नंबर. मग घरचे सांगतात, माणूस बदलला, असंबद्ध बोलतो. कुणी देवाला नेतं, मेळघाटातला असेल तर भूमका या गावच्या वैदूकडे. सीटी स्कॅन होतो, तो बहुतेक वेळा ठीकठाक येतो आणि घरच्यांना हायसं वाटतं. झटका येऊन शुद्ध हरपते तेव्हा शब्द येतो, "नागपूरला न्या." या सगळ्यात तीन आठवडे गेलेले असतात. त्याला एचआयव्ही आहे का, हा प्रश्न अनेकदा नागपुरात पहिल्यांदा विचारला जातो. कधी तर त्याला तो असल्याचं माहीत असतं, गोळ्या दोन वर्षांपूर्वी सुटलेल्या असतात, आणि त्याने लाजेपोटी कुणालाच सांगितलेलं नसतं.

यात एकही डॉक्टर दुष्ट नाही. आठवडाभर न थांबणाऱ्या डोकेदुखीला दोन प्रश्न जोडायची सवय नाही, एवढंच. तुमची प्रतिकारशक्ती कमी करणारा काही आजार किंवा औषध आहे का? एचआयव्हीची तपासणी कधी केली? हे दोन प्रश्न प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर छापून आले, तर त्या तीन आठवड्यांतले दोन वाचतात.

पण मला याच्याही आधीचा टप्पा दाखवायचा आहे, कारण या आजाराने आपल्याला एक दुर्मीळ सवलत दिली आहे. क्रिप्टोकॉकस आपल्याभोवती साखरेसारख्या रेणूंचं जाड आवरण बांधतो आणि त्या आवरणाचे कण रक्तात सोडतो. हे कण डोकेदुखी सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी रक्तात सापडतात. त्यांच्यासाठी कागदाच्या पट्टीची तपासणी आहे, तिला क्रॅग म्हणतात. गर्भ राहिल्याची तपासणी करतात तशीच पट्टी. रक्ताच्या द्रवाचा थेंब, दहा मिनिटं, दोन रेघा. २०११ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. शीतपेटी लागत नाही, यंत्र लागत नाही. तालुक्याच्या लॅबमधला तंत्रज्ञ ती वाचू शकतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, सीडी-फोर १०० च्या खाली असेल तर ही तपासणी कराच, २०० पर्यंतही करावी. रक्तात पट्टी होकारार्थी आली आणि अजून लक्षणं नसली, तर मणक्यातलं पाणी तपासायचं. त्यात बुरशी नसेल तर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्यांवर रोग तिथेच अडवता येतो. फ्लुकोनॅझोल आपल्या प्रत्येक मेडिकलवर मिळतं.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. टांझानिया आणि झांबियामध्ये झालेली एक मोठी चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सीडी-फोर २०० च्या खाली असलेल्यांची क्रॅग तपासणी केली आणि उपचाराच्या पहिल्या महिन्यात साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर आठवड्याला घरी जाऊन चौकशी केली. एवढ्यानेच मृत्यू २८ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे घरी जाणाऱ्या कार्यकर्त्या आधीपासून आहेत. आशा ताई आहेत, एचआयव्ही रुग्णांच्या पाठपुराव्याच्या विहान प्रकल्पातल्या समुपदेशक आहेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रगत एचआयव्ही आजाराची वेगळी दखल आहे. तेव्हा माझा पहिला प्रश्न सरळ आहे : अमरावती आणि अकोल्याच्या एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, सीडी-फोर २०० च्या खाली आलेल्या प्रत्येक नमुन्यावर, डॉक्टरने वेगळी चिठ्ठी न लिहिता, त्याच दिवशी क्रॅग होते का? आणि गोळ्या सोडून परत आलेल्या जुन्या रुग्णाचं सीडी-फोर पुन्हा मोजलं जातं का? कारण आज धोक्यात असलेल्यांत नव्याने सापडलेल्यांइतकेच हे परत आलेलेही असतात. हंगामाच्या कामासाठी बाहेर जाऊन होळीला मेळघाटात परतणाऱ्या कोरकू मजुराच्या गोळ्या मधल्या काळात सुटल्या, तर नवल नाही. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, तेही घाटाच्या वाटेने.

आजार मेंदूत पोहोचल्यावर काय करायचं, हा दुसरा भाग. तिथे आमच्याकडची सर्वांत मोठी अडचण औषधाच्याही आधीची आहे. निदानासाठी मणक्यातलं पाणी काढावं लागतं आणि लोक त्याला घाबरतात. "पाठीतलं पानी काढलं का मानूस लुया होते," हे वाक्य मी अकोटमध्येही ऐकलं आणि चांदूर बाजारमध्येही. भीतीचं कारणही समजतं. पाणी काढायला इतका उशीर होतो, की त्यानंतर मरणारे लोक त्या सुईनेच मेले असं गावाला वाटतं. प्रत्यक्षात ती सुई या आजारात तपासणीही आहे आणि उपचारही. बुरशीच्या आवरणाचा चिकट माल मेंदूतलं पाणी मुरण्याच्या वाटा बुजवतो. नाली तुंबली की पाणी अंगणात चढतं, तसा कवटीत दाब चढत जातो. दृष्टी जाते ती त्या दाबाने, ऐकू येईनासं होतं तेही बऱ्याचदा त्याच दाबाने. दाब २५ सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर तो २० च्या खाली किंवा निम्म्यावर येईपर्यंत पाणी काढायचं, आणि गरज पडली तर रोज. मॅनिटॉलच्या बाटल्यांनी इथे काही साधत नाही. पाणी पुन्हा काढलेल्या रुग्णांत पहिल्या दिवसांतले मृत्यू बरेच कमी झाल्याचं आफ्रिकेतल्या अभ्यासात दिसलं आहे. दाब मोजायचं मॅनोमीटर नसेल तर निर्जंतुक सलाइनची नळी आणि मोजपट्टी यांवरही तो मोजता येतो. म्हणून माझा दुसरा प्रश्न : या दोन शहरांतल्या सरकारी रुग्णालयांत रात्री दोन वाजता दाब मोजून पाणी काढणारा माणूस हजर असतो का, की सकाळच्या राउंडची वाट पाहिली जाते?

निदानातला आणखी एक खड्डा दाखवतो. काढलेलं पाणी पाहून टीबीचा मेंदूज्वर ठरवणं आपल्याकडे फार सोपं झालं आहे. लिम्फोसाइट वाढलेल्या, साखर कमी, एडीए जास्त, की टीबीच्या गोळ्या आणि सोबत स्टेरॉइड. क्रिप्टोकॉकसमध्येही हेच चित्र दिसू शकतं. उलट प्रतिकारशक्ती पार खालावलेल्या रुग्णाच्या पाण्यात पेशी जेमतेम असतात आणि रिपोर्ट जवळपास नॉर्मल दिसतो. इंडिया इंकने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तरी काही रुग्ण सुटतात. कल्चरला दिवस लागतात. क्रॅगची तीच पट्टी पाण्यावर लावली की दहा मिनिटांत उत्तर. आणि स्टेरॉइडबद्दल तर पुरावा स्पष्ट आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आशिया-आफ्रिकेतल्या चाचणीत डेक्सामेथॅसोन दिलेल्यांत अपंगत्व आणि दुष्परिणाम वाढले. टीबीत जे औषध जीव वाचवतं तेच इथे नुकसान करतं, म्हणून पट्टी लावल्याशिवाय अंदाजाने उपचार सुरू करणं महागात पडतं.

अजून एक गोष्ट, आणि ती थेट तुमच्या कार्यक्रमाशी संबंधित आहे. एचआयव्ही सापडला की लवकरात लवकर, शक्यतो त्याच दिवशी गोळ्या सुरू करा, हे धोरण योग्यच आहे आणि त्याने असंख्य जीव वाचले. पण क्रिप्टोकॉकल मेंदूज्वर असताना लगेच एआरटी दिली तर मृत्यू वाढतात, हे २०१४ मध्ये सिद्ध झालं. सावरू लागलेली प्रतिकारशक्ती मेंदूतल्या बुरशीवर तुटून पडते आणि सूज जीवावर उठते. त्यासाठी चार ते सहा आठवडे थांबायचं असतं. उद्दिष्टाचा आकडा गाठण्याच्या घाईत समुपदेशकाने पहिल्या दिवशी डोकेदुखी विचारलीच नाही, तर चांगलं धोरण एका रुग्णापुरतं घातक ठरतं. ही चूक टाळायला नवीन इमारत लागत नाही, अर्जावर एक ओळ लागते.

आता औषध. जून २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्ही रुग्णांसाठी नवीन उपचारपद्धती सांगितली : लिपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच डोस, किलोमागे १० मिलिग्रॅम, सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल. त्याआधीच्या शिफारशींत सात-सात, चौदा-चौदा दिवस अँफोटेरिसिन शिरेतून द्यावं लागे. किडनीवर परिणाम, पोटॅशियम घसरणं, रक्त कमी होणं, रोजच्या रक्त-तपासण्या. युगांडा, मलावी, दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना आणि झिम्बाब्वे इथल्या ८४४ रुग्णांवरच्या चाचणीत एका डोसच्या पद्धतीत दहा आठवड्यांपर्यंत २४.८ टक्के मृत्यू झाले, जुन्या पद्धतीत २८.७ टक्के. म्हणजे एक डोस कमी पडला नाही, आणि दुष्परिणामही कमी झाले. या आकड्याची दुसरी बाजूही विसरू नये : उत्तम उपचार देऊनही चारातला एक गेला. म्हणूनच पट्टीची तपासणी आधी हवी, हा माझा आग्रह.

हिशेब करून पाहा. ५० किलोच्या माणसाला ५०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या दहा कुप्या. काळ्या बुरशीत त्याच वजनाच्या रुग्णाला साधारण किलोमागे ५ मिलिग्रॅम रोज लागे, म्हणजे दिवसाला पाच कुप्या, आणि तेही आठवडेच्या आठवडे. २०२१ मध्ये एका रुग्णाला दोन दिवसांत जेवढं औषध दिलं, तेवढ्यात आज या रुग्णाचा पूर्ण अँफोटेरिसिनचा कोटा भागतो. जे राज्य ते करू शकलं, त्याला हे जड नाही. एक तांत्रिक गोष्ट मात्र लक्षात असू द्या : एका डोसची खात्री लिपोसोमल प्रकाराबद्दल आहे, साधं अँफोटेरिसिन किंवा इमल्शन त्याच्या जागी तसंच चालतं असं समजून खरेदीचा आदेश निघू नये. आणि प्रत्यारोपण झालेल्या किंवा एचआयव्ही नसलेल्या रुग्णांना अँफोटेरिसिन अनेक आठवडे द्यावं लागतं, त्यांच्यासाठी साठा वेगळा धरावा लागेल.

फ्लुसायटोसिनचं दुखणं निराळं. १९५७ मध्ये कर्करोगासाठी म्हणून तयार झालेला हा रेणू. त्याची मक्तेदारी कधीच संपली. त्याच ५० किलोच्या माणसाला ५०० मिलिग्रॅमच्या दिवसाला दहा गोळ्या, चौदा दिवसांच्या १४० गोळ्या. एवढीच गरज. पण ते लागतं कमी जणांना, म्हणून बाजारात त्याची ओरड नाही, आणि ओरड नाही म्हणून ते फडताळात नाही. हे औषध मेडिकलवर चिठ्ठी देऊन नातेवाइकांना धावायला लावून मिळणाऱ्यातलं नाही; ते राज्याने मागवलं तरच रुग्णापर्यंत पोहोचेल. ते नसताना नुसत्या फ्लुकोनॅझोलवर रुग्ण ठेवला तर मृत्यूचं प्रमाण कितीतरी वाढतं.

आणि महाराष्ट्राने या क्षेत्रात परक्यासारखं वागण्याचं कारण नाही. १९६० च्या आसपास पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याला पिंपरीचंच नाव आहे. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी, दिल्ली विद्यापीठाच्या बी. के. बच्छावत यांच्यासोबत, अँफोटेरिसिन लिपोसोममध्ये बांधण्याची देशी पद्धत विकसित केली आणि ती रुग्णांपर्यंत नेली. ज्या राज्यात हे संशोधन झालं, त्याच राज्यातल्या अकोल्यात त्या औषधाची कुपी शोधत फिरावं लागू नये.

मंत्रिमहोदय, मग अडतं कुठे? माझ्या मते खात्यांच्या सीमेवर. एआरटीच्या गोळ्या नॅको दिल्लीहून पाठवतं. एआरटी केंद्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अखत्यारीत. अमरावतीचं इर्विन हे जिल्हा रुग्णालय वर्षानुवर्षं तुमच्या खात्याचं. अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं, म्हणून वैद्यकीय शिक्षण खात्याचं. अमरावतीतही आता शासकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. औषधं घ्यायला २०२३ च्या कायद्याने वेगळं खरेदी प्राधिकरण. यांत बुरशीच्या औषधाची मागणी कुणी नोंदवायची? एआरटी केंद्र म्हणतं, ते रुग्णालयाचं काम. रुग्णालय म्हणतं, हा तर एड्स कार्यक्रमाचा रुग्ण. वर्षाला मोजकेच रुग्ण दिसतात म्हणून मागणीपत्रात शून्य लिहिलं जातं, आणि औषध नाही म्हणून रुग्ण नागपूरला जातात, म्हणजे पुढच्या वर्षीही आकडा मोजकाच राहतो. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर. कवटीत दाब चढलेल्या माणसासाठी तो रस्ता फार लांब आहे.

एक अडथळा खात्यांच्या बाहेरचाही आहे. अमरावतीत १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन हे कुष्ठधाम उभं केलं, तेव्हा कुष्ठरुग्णाला गावकुसाबाहेर टाकण्याचीच रीत होती. या शहराने ती मोडून दाखवली. एचआयव्ही असलेल्याशी भेदभाव करायला देशाने २०१७ च्या कायद्याने बंदी घातली, तो कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तरीही वॉर्डात "तो तसला पेशंट आहे" ही कुजबुज थांबलेली नाही, आणि तिच्यापायी माणसं आपला आजार डॉक्टरलाही सांगत नाहीत. उशिराचं हेही एक कारण आहे, आणि ते औषधाच्या खरेदीने सुटणार नाही. वॉर्डातल्या वागण्यानेच सुटेल.

माझ्या मागण्या पाचच आहेत.

एक, अमरावती, अकोला आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या तालुक्यांत सीडी-फोर २०० च्या खाली आलेल्या प्रत्येक नमुन्यावर आपोआप क्रॅग. नवा रुग्ण असो वा परत आलेला.

दोन, दोन्ही शहरांतल्या सरकारी रुग्णालयांत चोवीस तास दाब मोजून मणक्यातलं पाणी काढण्याची सोय, आणि त्यासाठी नावानिशी जबाबदार डॉक्टर.

तीन, दोन्ही ठिकाणी किमान काही रुग्णांना पुरेल इतका लिपोसोमल अँफोटेरिसिन, फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल यांचा राखीव साठा. मुदत संपत आली तर कुप्या नागपूरसारख्या मोठ्या केंद्राला वापरायला द्याव्यात, वाया जाऊ नयेत.

चार, या आजारासाठी औषध कोण मागवणार, याचा एका ओळीचा शासन निर्णय. खातं कोणतंही लिहा, पण एकच लिहा.

पाच, या मेंदूज्वराने झालेल्या प्रत्येक मृत्यूची छोटी चौकशी, दोष द्यायला नाही तर दिवस मोजायला : पहिली डोकेदुखी कधी, पहिली पट्टी कधी, पहिली कुपी कधी. मातामृत्यूंसाठी आपण अशी चौकशी करतोच.

या मागण्यांना कोट्यवधी लागत नाहीत. या वर्षी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला तुम्ही याल, तेव्हा विदर्भातला एखादा आमदार नक्की प्रश्न विचारेल. मी त्यांना हे पत्र देणार आहे. तेव्हा सभागृहात एवढंच सांगा : आज इर्विनमध्ये आणि सर्वोपचारमध्ये क्रॅगच्या पट्ट्या किती, अँफोटेरिसिनच्या कुप्या किती, फ्लुसायटोसिनच्या गोळ्या किती. तीन आकडे, दोन रुग्णालयं. उत्तर शून्य असलं तरी द्या. शून्याची नोंद कामकाजात आली की पुढच्या अधिवेशनात तोच आकडा पुन्हा विचारता येईल.

कळावे,

आपला,
वऱ्हाडातला एक निवृत्त डॉक्टर